बाहेरगावचे बारा

घरच्या मैदानावर किती लोक आले, यात कसला आलाय मोठेपणा? घरच्या मैदानावर कोणीही येतं. जावई येतो, जावयाचा साहेब येतो, पाऊस लागला म्हणून आडोशाला शिरलेला माणूससुद्धा येतो. तरी गेली तेवीस वर्षं आम्ही शिंपीमास्तरांच्या दुकानात बसून त्याच एका आकड्यावरून एकमेकांचं डोकं खात आलो. आमच्या स्टेडियममधली विक्रमी गर्दी एकतीस हजार चारशे सहा. हा आकडा मी काढलाय, प्रत्येक फाटकावरचा मोजणीचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघून. मास्तरांचा आकडा चाळीस हजार. कशावरून? तर त्या दिवशी गर्दीत त्यांचा शर्ट उसवला, आणि त्यांनी घातलेली शिवण एकतीस हजारांत उसवत नाही म्हणून!

"पूर्वेची भिंत पडली, तिच्यावरून आत आले ते कोणी मोजले?" मास्तर विचारायचे.

"तुम्ही मोजलेत?"

"मी सामना बघत होतो रे. मोजायला तू आहेस की."

मग सगळे हसायचे. मी वीज कंपनीत मीटर वाचतो, म्हणून माझं नावच मीटर पडलंय. दारोदार जायचं, आकडा लिहायचा, पुढच्या दारात जायचं. लोक गयावया करतात, इतकं येणं शक्यच नाही, आम्ही महिनाभर घरी नव्हतो. मी म्हणतो, ते मला सांगू नका, चाक फिरलंय. माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही हे मी नोकरीत शिकलो आणि त्याचा मला एकदाही पश्चात्ताप झालेला नाही.

खरा मान असतो तो बाहेरच्या सामन्यांचा. दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या पावसात, शिव्या खात, आपला संघ हरताना बघायला किती जण जातात ते सांगा. आमच्या क्लबात त्याची रीतच आहे. ज्या बाहेरच्या सामन्याला आपले वीसपेक्षा कमी लोक गेले, त्या सामन्याची तारीख आणि गेलेल्यांची नावं मुख्य स्टँडच्या जिन्याखाली पाटीवर रंगवतात. पाटीवर सगळ्यात वरती आहे एकोणीस वर्षांपूर्वीचा सामना. आदल्या रात्री निघून चौदा तासांचा बसप्रवास, संघ आधीच खालच्या गटात घसरलेला, धो धो पाऊस. गेलेले लोक बारा. त्यांत चौथं नाव मास्तरांचं.

मी नव्हतो. महिनाअखेर होती, साहेबाने रजा दिली नाही. मी पाया पडायचा बाकी राहिलो होतो.

त्यावरून मास्तरांनी मला एकोणीस वर्षं सोललं. काहीही मुद्दा निघू दे, गोलरक्षकाचा, पंचाचा, चहात साखर किती असावी याचा, मास्तर कात्री खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "त्या बारांत होतास का? नव्हतास ना? मग बस गप." माझ्या मुलाच्या लग्नातसुद्धा, नव्या व्याह्यांसमोर! व्याही विचारतात, बारा म्हणजे काय हो? आणि मास्तर त्यांना खुर्चीवर बसवून सगळं साग्रसंगीत सांगतायत. मी हसलो तिथे. पण माझी आग आग झाली होती.

तर यंदा क्लबला शंभर वर्षं झाली म्हणून पुस्तक काढायचं ठरलं आणि आकड्यांचं प्रकरण माझ्याकडे आलं. दुसऱ्या कोणाकडे जाणार? मी सगळ्या क्लबांना पत्रं धाडली, तुमच्याकडे आमच्या सामन्यांची काही कागदपत्रं असतील तर पाठवा. त्या पावसाच्या गावाहून पाकीट आलं. आत एक कागद होता. एकूण प्रेक्षक सहाशे सात, पाहुण्यांना विकलेली तिकिटं बारा. आणि एक फोटो. उघड्या स्टँडमध्ये आमची माणसं, अंगावर प्लास्टिकचे कागद पांघरून, ओठ निळे पडलेले.

मी मोजली. परत मोजली. भिंग घेऊन मोजली. अकरा.

मी तडक ड्रायव्हरकडे गेलो. त्या दिवशी बस त्याने चालवली होती आणि स्टँडमध्येही तो होता. त्या बारांतले आता इथे दोघेच उरलेत, तो आणि मास्तर. बाकीचे कोणी मुलांकडे गेले, कोणी कायमचे गेले. ड्रायव्हर गॅरेजमध्ये गाडीखाली आडवा होता. मी फोटो खाली सरकवला.

"बारावा फोटो काढत असेल," तो गाडीखालूनच बोलला.

"मागे लिहिलंय, फोटो फाटकवाल्याने काढला."

तो बाहेर आला, हात पुसले. मी एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत नाव विचारलं. त्याने दहा नावं सांगितली, अकरावा तो स्वतः.

"मास्तर?"

"लघवीला गेला असेल."

"चौदा तास प्रवास करून आलेला माणूस फोटोच्याच वेळी लघवीला जातो?"

ड्रायव्हरने फोटो माझ्या हातात परत ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "मीटर, रविवारी त्याची लेक त्याला घेऊन चाललीये. आता कशाला उकरतोस? बारा तर बारा."

त्या दिवशी काय झालं होतं हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. सगळ्यांनाच माहीत होतं. मास्तर सामन्याला गेले आणि इकडे हॉस्पिटलात त्यांची बायको गेली. सोळा वर्षांची मुलगी एकटी उशाशी. शेवटच्या घटका आहेत असं दिसल्यावर नर्सने त्या मैदानाच्या कार्यालयात फोन केला, मध्यंतरात भोंग्यावरून मास्तरांचं नाव पुकारलं. पण चौदा तासांवरून माणूस येणार कसा? ते आले ते दुसऱ्या दिवशी. त्यावरून मुलीने पुढे पंधरा वर्षं बापाचं तोंड बघितलं नाही. आईपेक्षा चेंडू मोठा झाला, म्हणाली, आणि दुसऱ्या गावी निघून गेली.

आता चार वर्षांपूर्वी ती परत बोलायला लागली होती. मास्तरांची दृष्टी गेली होती जवळपास. सुईत दोरा जाईना, मापाच्या टेपवरचे आकडे दिसेनात, एका गिऱ्हाईकाच्या पँटचा एक पाय चार बोटं आखूड झाला. दुकान बंद करायचं आणि बापाला आपल्या घरी न्यायचं, असं तिने ठरवलं होतं. मास्तरांना दुसरं कोणी नाही. ती नेणार, नाहीतर त्या आंधळ्या म्हाताऱ्याने एकट्याने दिवस काढायचे. हे मला पुरतं ठाऊक होतं, ड्रायव्हरने सांगायची गरज नव्हती.

आणि तरी मी शुक्रवारी दुपारी दुकानात गेलो.

दुकान अर्धं आवरून झालं होतं. बटणांचे डबे दोरीने बांधलेले, चिंध्यांची दोन पोती दाराशी, शिलाई मशीन विकत घेतलेला माणूस येऊन ते घेऊनही गेला होता आणि जमिनीवर त्याच्या चार पायांचे डाग तेवढे राहिले होते. मास्तर इस्त्रीच्या टेबलाशी स्टुलावर बसले होते, हात मांडीवर. ड्रायव्हर सामान उचलायला आला होता. मला बघून त्याने तोंड फिरवलं. मुलगी ओढणी कमरेला खोचून भिंतीवरच्या वस्तू उतरवत होती.

"या काका," ती म्हणाली. "चहा नाही हं देता येणार, भांडी बांधली."

"असू दे ग."

ती बोलत होती, तिला बोलायला कोणीतरी हवंच होतं. तळमजल्यावर खोली केलीये, म्हणाली, बाथरूममध्ये धरायला दांडी लावून घेतली, दारापासून फाटकापर्यंत दोरी बांधणार म्हणजे बाबा एकटे बाहेर जाऊन बसतील. मग तिने भिंतीवरची ती फ्रेम उतरवली. सगळ्या गावाला माहीत असलेली फ्रेम. हिरव्या मखमलीची पट्टी चारी बाजूंनी हाताने टाचलेली आणि मधे त्या बारांच्या सामन्याचं तिकीट.

"हे त्यांच्या पलंगासमोर लावणार," तिने काच ओढणीच्या टोकाने पुसली. "आधी मला हे बघवायचं नाही. वाटायचं फोडून टाकावं. पण आईनेच पाठवलं होतं ना त्यांना. जा म्हणाली, इथे बसून काय करणार. आणि एवढ्या लांबून कळणार तरी कसं माणसाला?"

ड्रायव्हर पोतं उचलायचं सोडून उभा राहिला.

"पुस्तकात तिकिटाचा फोटो घालायचाय," मी म्हणालो. "काचेतून चकाकतं. काढून देतेस का जरा?"

"नको," मास्तर एकदम म्हणाले. "मखमल खराब होईल."

"मी नीट काढते बाबा."

"अगं नको म्हणतो ना!"

"मीटर, चल, मला हे पोतं धर," ड्रायव्हर म्हणाला.

मी हललो नाही. मुलगी हसली, म्हातारपणी माणूस हट्टी होतो तसं हसली, आणि मागचे खिळे कात्रीच्या टोकाने उचकटले. मखमल बाजूला केली. तिकीट तिने माझ्या तळहातावर ठेवलं.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. फाटकातून आत जाताना फाटकवाला तिकिटाचा खालचा उजवा कोपरा फाडतो आणि खोक्यात टाकतो. सगळ्या मैदानांवर हीच पद्धत. ज्या तिकिटाचा कोपरा आहे, ते तिकीट घेऊन माणूस आत गेलेला नाही. मास्तरांनी मखमलीची पट्टी त्या कोपऱ्यावर जरा जास्तच रुंद टाचली होती. एकोणीस वर्षं आम्ही ते तिकीट बघत होतो, आणि इतकी माणसं, सगळी तिकिटांवर जगणारी, एकाच्याही डोक्यात आलं नाही की कोपरा का झाकलाय.

"मास्तर," मी म्हणालो, "याचा कोपरा शाबूत आहे."

त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी मान माझ्या आवाजाच्या दिशेने वळवली, बस.

"पावसात फाडत नव्हते कोपरे," ड्रायव्हर घाईने म्हणाला. "तिकिटं भिजली होती, तसंच सोडलं आम्हाला."

"तुझ्या तिकिटाचा फाडलेला आहे. मागच्या आठवड्यात तूच मला दाखवलंस." मी खिशातून फोटो काढला आणि मुलीच्या हातात दिला. "मोज ग जरा. माझी नजर चुकत असेल."

तिने मोजली. ओठ हलत होते तिचे. मग तिने एकेक चेहरा जवळ नेऊन पाहिला. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू! एकोणीस वर्षं ज्याने मला बस गप म्हटलं तो माझ्यासमोर गप बसला होता.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही नाही आहात यात."

"असेन मागे कुठेतरी."

"मागे कोणी नाहीये. मागे रिकाम्या पायऱ्या आहेत." ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "कुठे होतात तुम्ही?"

मास्तरांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. तिने परत विचारलं, तेच शब्द, त्याच आवाजात. दुसरी बाई असेल म्हणून मी मनातल्या मनात पैज मारून बसलो होतो. तसलं काही असतं तर बरं झालं असतं.

"पहिल्या थांब्याला उतरलो मी," मास्तर म्हणाले. "पहाटे बस डिझेल घ्यायला थांबली तिथे. मला राहवेना. तिचा निघतानाचा चेहरा डोळ्यांसमोरून जाईना. ट्रक पकडून परत आलो. आधीच मागवलेलं तिकीट खिशातच राहिलं."

"परत आलात? कधी?"

"दुपारी. एक वाजता असेल."

"आई सहाला गेली."

"हो."

"एकपासून सहापर्यंत कुठे होतात?"

"जिन्यात," मास्तर म्हणाले. "हॉस्पिटलच्या. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलो. वरती तिचा आवाज येत होता. ती ओरडत होती ग. माझा पाय उचलेना. म्हटलं, थोडं थांबू, कमी झालं की जाऊ. मग परत ओरडली."

मुलीचा चेहरा मी बघितला आणि मग खाली चिंध्यांकडे बघायला लागलो.

"मी पाणी आणायला खाली आले होते," ती म्हणाली. "दोनदा."

"हो."

"जिन्यानेच आले होते."

"मी जिन्याखाली सरलो," मास्तर म्हणाले. "तुला बघितलं मी. तुझ्या हातात निळा तांब्या होता."

ड्रायव्हर म्हणाला, "पोरी, त्याने आम्हाला हात जोडून सांगितलं होतं. सांगा मी तुमच्याबरोबर होतो म्हणून. आम्ही अकरा जणांनी तोंडाला कुलूप घातलं. त्याला तोंड दाखवायला जागा राहिली नसती."

तिने त्याचं ऐकलंच नाही. ती बापाशी बोलत होती, आणि आवाज चढवला नाही तिने, त्यामुळे जास्त वाईट झालं. "ती विचारत होती. आले का, आले का. दर पाच मिनिटांनी. मी सांगत होते, आई, ते फार लांब आहेत, लांबून यायला वेळ लागतो. सोळा वर्षांची होते मी. तिला नीट समजावून सांगत होते, किती तास लागतात, मधे नदी आहे, पाऊस आहे. शेवटी तिने मला म्हटलं, येऊ देत सावकाश. हे तिचं शेवटचं बोलणं. आणि तुम्ही खाली होतात."

"बाळा..."

"सामन्याला गेला होतात तेच बरं होतं."

तिने फोटो टेबलावर ठेवला. ओढणी सोडून खांद्यावर घेतली, आपली पर्स शोधली, चपला घातल्या. मास्तर "थांब, थांब" म्हणत उठले, चिंध्यांच्या पोत्याला अडखळले, ड्रायव्हरने धरलं म्हणून पडले नाहीत. ती दारात माझ्याजवळ थांबली आणि एका बिलाच्या मागे आपला नंबर लिहून माझ्या हातात दिला.

"काका, तुम्ही हुशार आहात. बाकीची तिकिटंसुद्धा तपासा. आणखी काय काय खोटं आहे ते मला कळवा."

ती गेली. बांधलेलं सामान तिथेच होतं. मास्तरांनी चाचपडत टेबलाखालून बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा ओढला आणि माझ्याकडे ढकलला. "ने," म्हणाले. "सगळी आहेत. मला आता दिसत नाहीत." ड्रायव्हरने मला एक शिवी हासडली, ती इथे लिहीत नाही.

शनिवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर डबा उपडा केला. बायको म्हणाली, हे काय आता, जेवायचं नाही का? मी म्हटलं, गप ग. बाहेरच्या सामन्यांची तिकिटं होती, चाळीस वर्षांची, वर्षावार दोऱ्याने बांधलेली. मी एकेक सोडवून कोपरा बघत गेलो. फाडलेला. फाडलेला. फाडलेला. त्यांच्या लग्नाच्या आठवड्यातलं एक तिकीट होतं, फाडलेलं. एकावर मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, आज मुलगी झाली. तेही फाडलेलं. पोरगी जन्मली तेव्हाही हा माणूस दुसऱ्याच्या गावात उभा राहून ओरडत होता. एकूण दोनशे चौदा तिकिटं, फ्रेममधला सोडला तर बाहेरचा एकही सामना सुटलेला नाही, आणि एकही तिकीट असं नाही की ज्याचा कोपरा शिल्लक आहे.

मग मी थांबलो. कारण हिशेब सरळ होता, माझ्यासारख्याला तर फारच सरळ. चाळीस वर्षांत हा माणूस एकदाच वाटेतून परत फिरला. एकच सामना सोडला त्याने जन्मात, आणि तो बायकोसाठी. परत आला, जिना चढला, शेवटचा एक मजला त्याच्याने चढवला नाही. भेकडपणाच होता तो. पण आला होता तो.

मी नंबर लावला. तिने लगेच उचलला.

"बोला काका. किती खोटी निघाली?"

"एकही नाही. दोनशे चौदा आहेत. सगळ्यांचे कोपरे फाडलेले."

मागे कुठेतरी भांड्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "म्हणजे?"

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. एवढंच म्हणायचं होतं की अगं, तुझ्या आईसाठी त्याने एक सोडलं, आयुष्यात एकच. तिला ते स्वतःहून सुचणार नव्हतं, कोपरे मोजून मी बसलो होतो, ती नव्हती. ते म्हटलं असतं तर रविवारी ती कदाचित परत आली असती. आणि मग मास्तर तळमजल्यावरच्या खोलीत, दारापासून फाटकापर्यंत दोरी धरून, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसले असते की मी त्या बारांत होतो.

"म्हणजे बाकीचे आकडे बरोबर आहेत," मी म्हणालो.

"म्हणजे बाकी सगळ्या सामन्यांना गेले ते," ती म्हणाली. "एकही चुकवला नाही. बरं." आणि तिने फोन ठेवला.

मी परत फोन लावला नाही. सोमवारी पुस्तक छापायला गेलं, त्यात अकरा आहेत.